टिटवीची खडी

मुलांनो, जरा डोळे मिटा. चैत्रातली दुपार आहे. पंखा हळू फिरतोय, बाहेरचे आवाज लांब लांब जाताहेत. आता चला माझ्याबरोबर.

मी गावाबाहेरच्या राखीव कुरणात आहे. पूर्वी इथून छोटी रेल्वे जायची. गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले आणि त्या जागेवर गवत माजलं. बोरी, हिवर, कडुनिंब आपसूक उभे राहिले. रुळांखालची खडी मात्र तशीच आहे. आज संध्याकाळी मोठे साहेब कुरण बघायला येणार, म्हणून मी गावातल्या मुलांना सांगून ठेवलंय : ती खडी घमेल्यांनी उचला, झाडांभोवती गोल रचा आणि चुना-गेरू लावा.

समोरून कुलसुमबाई येतात. रेल्वेच्या शाळेत आम्ही दोघं शिकवायचो. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला स्वप्नातही माहीत आहे. तरी नवल वाटत नाही.

"काय गुरुजी, घरी लग्न निघालं का? रंगरंगोटी जोरात दिसतेय."

"साहेब येणार आहेत, बाई."

"मग त्यांनाही लावा चुना!"

मी हसतो. हसता हसता आम्ही शाळेच्या वर्गात असतो. बाकांमधून गवत वर आलंय, फळ्याला टेकून एक बोर उभी आहे आणि फरशीच्या जागी खडी पसरली आहे.

"ही उचलायची नाही," बाई म्हणतात.

"नुसते दगड तर आहेत."

"सगळे नाहीत. यात टिटवीची अंडी आहेत. ती झाडावर घरटं बांधत नाही, खडीतच अंडी घालते. रंग असा, की शेजारी बसलं तरी दिसत नाहीत. आपण पोरांना दाखवायला न्यायचो की!"

"विसरलोच मी."

"साहेब आले की सगळेच विसरतात."

वर्गाला आता छत नाही. वर टिटवी ओरडत फिरतेय.

"बाई, शिकवायचं कसं ते मी तुमच्याकडून शिकलो. कधी बोललो नाही."

"बोलायला कशाला हवं? तुमची पोरं दिसतात की मला." त्या पदर सावरून गवतात चालू लागतात. "उठा आता. ऊन कलतंय."

"आजोबा, उठा ना!" माझी नात शर्वरी मला हलवतेय. "मुलं घमेली घेऊन गेलीसुद्धा!"

मी तिला सगळं सांगतो. ती हसू दाबते. "स्वप्नातल्या बाईंचं ऐकून काम थांबवायचं?"

तेवढ्यात माझ्या बाहीवर तिच्या बोटाला काहीतरी टोचतं. सकाळीच धुऊन आलेल्या सदऱ्यात गवताचं एक लांब कुसळ रुतलंय. ती ते उपसते, उजेडात धरते.

"हे तर कुरणातलं. तुम्ही आज घराबाहेर पडलाच नाहीत."

ती सायकलवर टांग टाकते आणि दिसेनाशी होते.

मी काठी टेकत पोचतो, तेव्हा टिटवी डोक्यावर आकांत करतेय. मुलं लांब, गप्प उभी आहेत. भरलेलं एक घमेलं शेजारी ठेवून शर्वरी उकिडवी बसली आहे. ती त्यातला एकेक दगड तळहातावर घेते, निरखून बघते आणि अलगद परत खडीत ठेवते.