मधला हातभर बर्फ

श्रीनारायणाचे स्मरण करून हे लिहितो. मुलाच्या घरच्या कुत्र्याला जाऊन आज एक वर्ष झाले.

वोल्फ्सबुर्गच्या हिवाळ्यात मी, सूनबाई आणि तो कुत्रा रोज कालव्याकाठी फिरावयास जात असू. ताज्या बर्फात नाक खुपसून तो धावे आणि पांढऱ्या मिशा घेऊन माझ्याकडेच परते. मी मनापासून हसे. पण त्याला कधी शिवलो नाही. सोवळ्याचा जन्मभराचा संस्कार होता.

"अहो बाबा, जरा सरका ना त्याच्याकडे. दोघं एका फोटोत मावत नाही आहात," कॅमेरा डोळ्याला लावून सूनबाई म्हणे.

"या थंडीत मला दुसरे स्नान घडवतेस का?"

"तो तर रोज बर्फानं न्हातो. तुमच्याहून सोवळा आहे."

मागल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. एका सकाळी मी पूजेत असताना मुलगा दाराशी आला. "बाबा, तो सारखा तुमच्या खोलीकडे बघतोय. येता का?"

मी हातानेच थांबण्याची खूण केली. आरती आटोपून गेलो, तोवर त्याचा प्राण गेला होता. तेव्हा प्रथमच त्याच्या मस्तकावर हात ठेवला. ते अजून उबदार होते.

सूनबाईने काढलेली सारी छायाचित्रे आता माझ्यापाशी आहेत. प्रत्येकात तो माझ्याकडे पाहतो आहे आणि आमच्यामध्ये हातभर बर्फ आहे.

वाचकहो, तुमचे व तुमच्या कुटुंबाचे कल्याण असो. मायेने जवळ आलेला कोणताही जीव तुमच्या दारी ताटकळत न राहो.