खालून आवाज येईपर्यंत

अजूनही कुणाच्या शेतात गेलो आणि मालकानं कौतुकानं "या, आमची विहीर बघा" म्हटलं, की मी काठापासून चार हात लांबच उभा राहतो. तिथूनच "वा, पाणी चांगलंय" म्हणतो. पाणी दिसलेलं नसतंच. ओळखीचे लोक हसतात. ज्या माणसानं सगळं उमेदीचं वय विहिरी खोदण्यात घातलं, टोळीचा मिस्त्री म्हणून नाव कमावलं, तो काठावर येईना, ही त्यांना गंमत वाटते. वाटू द्या. मला विहिरीची भीती वाटते, आणि ती पहिल्या दिवसापासून आहे.

पहिला दिवस बाहत्तरच्या दुष्काळातला. कळंबच्या बाजूला आमचं गाव. त्या साली पेरलेलं उगवलंच नाही आणि निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरे विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मिस्त्री होते. टोळी एका मजूर सहकारी संस्थेची. आटलेल्या विहिरी खोल करायची कामं संस्थेला मिळत, आणि टोळी लोहाऱ्यापर्यंत कुठंही बिऱ्हाड घेऊन जाई. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांनी मला टोळीत घेतलं ते लेकीकडं बघून, माझ्याकडं बघून नव्हे.

कारण माझं तोंड. मला प्रत्येक गोष्टीत मत होतं. पहिल्याच दिवशी यारी कुठं रोवावी हे मी मामांना सांगितलं. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला लाकडी सांगाडा, त्याला दोर, दोराला मोठी लोखंडी बादली. दोन माणसांनी हँडल फिरवायचं, की बादली खालचा दगड घेऊन वर येते. मामांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग बादलीकडं बोट केलं.

"बस हिच्यात. खाली जा आन दगड भर."

वरच्या भागात विहिरीला पायऱ्या होत्या, पण निम्म्यातून खाली सरळ कातळ. मामांबरोबर तळाशी उतरलो आणि वर बघितलं तर आभाळ भाकरीएवढं. दगडांनी भरलेली बादली डोक्यावरून वर जायची, आणि आम्ही तोपर्यंत कातळाला पाठ लावून उभे. एखादा खडा सुटून खाली टणकन पडला की मी कातळाला आणखी चिकटायचो. एकदा मी न राहवून ओरडलो, "अरे सावकाश घ्या की!" यारी तिथल्या तिथं थांबली. बादली आमच्या डोक्यावर गरगरत लटकली.

वर आल्यावर मामा म्हणाले, "तळात बोलणारं तोंड एकच. आज त्ये माझं हाय. वरचा माणूस त्या एका आवाजावर हँडल फिरवतो. दुसरं कुणी बोललं की त्येचा हात चुकतो आन खालचा मरतो. तू गप ऱ्हायचं."

"आन बादली पडायली असंल तर?"

"तरी गप ऱ्हायचं."

मला दगड भरण्याचं काही वाटलं नाही. गप्प राहण्यानं मात्र मी अर्धा झालो. संध्याकाळी बायको विचारायची, आज काय झालं, आणि दिवसभराचं साठलेलं सगळं मी तिच्यापुढं ओतायचो. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि हसायची. "आबांनी बरं औषध शोधलं तुमाला," म्हणायची.

पुढं मामांनी मला हँडलवर घेतलं. तिथला नियम आणखी अवघड. हँडलवरच्यानं विहिरीकडं पाठ करून उभं राहायचं. खाली वाकून बघायचं नाही. दिसलं की माणूस आपल्या मनानं करतो, असं मामांचं म्हणणं. तळातून "घे" आलं की फिरवायचं, "थांब" आलं की थांबायचं. आपल्या पाठीमागं काय चाललंय हे दुसऱ्याच्या आवाजावरून समजायचं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती.

सुरुंगाच्या दिवशी तर जीव टांगणीला लागे. कातळात पहारीनं भोकं पाडून त्यात दारू ठासायची, वाती सोडायच्या. मग सगळे वर येत आणि मामा एकटे खाली राहत. वाती पेटवायच्या, बादलीत पाय ठेवायचा, आवाज द्यायचा. मग आम्ही जीव खाऊन हँडल फिरवायचं. मामा वर आले की सगळ्यांनी लांब पळायचं. टोळीत मिस्त्री तोच, जो शेवटी वर येतो. मला मिस्त्री व्हायचं होतं, हे खरं. पण त्या दिवशी माझं तोंड कोरडं पडायचं हेही खरं.

तामलवाडीच्या बाजूला एका गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचं काम होतं. मामांच्या लहानपणी आमच्या लोकांच्या दोराला ज्या विहिरीवर मज्जाव होता, त्यातलीच ती एक. पहिल्या दिवशी तळात उतरल्यावर मामांनी तिथल्या कातळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला, ते मी बघितलं होतं.

सुरुंगाच्या सकाळी बायकोनं मला अंगणात थांबवलं. ती कधी असं बोलायची नाही.

"माझ्या बापाला वर घिऊन या."

तळात त्या दिवशी ओल दिसली होती. गावात कुणीतरी ते सांगितलं आणि बघता बघता काठापासून लांब, झाडाखाली माणसं जमली. संस्थेचे चेअरमनही आले. वयस्क माणूस, पांढरं धोतर, सगळा भाग त्यांना दादा म्हणायचा. माणूस चांगला होता, आम्हाला काम त्यांच्यामुळेच मिळत होतं. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. त्यांना सगळ्यांबरोबर थांबा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. ते सरळ यारीपाशी येऊन उभे राहिले आणि वाकून खाली बघू लागले.

मी हँडलवर, पाठ विहिरीकडं. माझ्या शेजारी, तसाच पाठ करून, लोहाऱ्याकडचा माझा जोडीदार, अंगानं पैलवान. खाली मामा.

वातींचा फुसफुस आवाज आला. धुराचा वास आला. आता "घे" येणार म्हणून आम्ही हँडल घट्ट धरलं. आवाज आला नाही.

"पेटलं की रे!" चेअरमन ओरडले. "घ्या वर! घ्या लवकर!"

जोडीदाराचा हात हलला. हँडल थोडं फिरलं. मी माझा खांदा हँडलखाली घातला आणि ते अडवलं.

"सोड की!" तो म्हणाला. "दादा सांगायलेत."

"आवाज न्हाय आला."

"धूर दिसंना का तुला? बेसुद पडलं असतील त्ये!"

हे माझ्याही मनात आलं होतं. मामा धुरानं पडले असतील, वाती जळत येत असतील आणि मी वर हँडल अडवून उभा आहे. चेअरमन आता माझ्या कानाशी ओरडत होते, "माणूस मारायलास का रं?" झाडाखालून बायका ओरडत होत्या. मला वळून बघायचं होतं. मान आपोआप वळत होती. इतका मी आयुष्यात पुढं आणखी एकदाच घाबरलो. जोडीदार पलीकडून जोर लावत होता, माझा खांदा सोलून निघत होता, आणि मला सकाळचं ते एकच वाक्य ऐकू येत होतं.

"घे!"

खालून आला. आम्ही असं फिरवलं की हँडल मोडायचं राहिलं. मामा काठावर आले, चेअरमनांच्या दंडाला धरून त्यांना ओढत पळाले, आम्ही मागं. बांधाआड पडतो न पडतो तोच जमीन हादरली.

झालं होतं असं, की ओलीमुळं एक वात पेटेना. मामा बादली सोडून ती पुन्हा पेटवायला गेले होते. चेअरमनांच्या सांगण्यावरून बादली ओढली असती तर ती रिकामीच वर आली असती. मामांनी सांगितलं तेव्हा चेअरमन मटकन खाली बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी विहिरीला पाणी लागलं. गावानं गुलाल उधळला. मी बांधाआडच बसून राहिलो.

मला वाटलं होतं मामा शाबासकी देतील. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "तुजा हात निघाला हुता का फिरवायला?"

"व्हय."

"मग का न्हाय फिरवलंस?"

"तुमचा आवाज न्हवता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन म्या खरंच बेसुद पडलो असतो तर?"

दाराआड बायको उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. तो प्रश्न माझ्या अंगात बसला. त्यानंतर मी हँडलला हात लावला की तोच मनात यायचा.

पुढं काही वर्षांनी धुरानं मामांची छाती धरली. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. तळात जाणं बंद झालं आणि टोळीनं मला मिस्त्री ठरवलं. लोकांना वाटलं मी हुरळून जाईन. मी रात्रभर टक्क जागा होतो. खाली उतरायचं एवढीच भीती नव्हती. वर कोण असेल, त्याला राहवेल का, तो कुणाचं ऐकेल, याची होती.

सुरुंगाच्या सकाळी मामा स्वतःच हँडलवर येऊन उभे राहिले. खोकत, विहिरीकडं पाठ करून. ज्या माणसापुढं मी अजून मोठ्यानं बोलत नव्हतो, तो माझ्या हुकमाची वाट बघत उभा. निघताना बायको मला काही बोलली नाही. बापाला म्हणाली, "आबा, ह्यांना वर आणा."

सगळे वर गेले. मी एकटा. वाती पेटवल्या, बादलीत पाय ठेवला, दोर धरला. आता फक्त एक शब्द. तोंड उघडलं आणि आवाज निघेना.

धूर घशात गेला होता की भीतीनं बोबडी वळली होती, मला आजही सांगता येणार नाही. नुसती हवा बाहेर पडत होती. वाती सळसळत होत्या. वर कुणीतरी ओरडलं, "घ्या, मामा, घ्या!" दोर हलला नाही. तो हलणार नाही, हे माझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मीच तर खांदा लावून अडवला होता. मी दोर हलवला, बादलीवर पाय आपटले. मामा आवाजाशिवाय कशालाच ओळखत नव्हते. मी कातळावर डोकं आपटलं असावं, कारण नंतर कपाळ फुटलेलं होतं. आणि त्या दुखण्यानं माझ्या तोंडून एकदाचं काहीतरी फुटलं. तो शब्द नव्हता, ओरडणं होतं.

दोर ताणला. मी वर.

बांधाआड आम्ही दोघं शेजारी पडलो. धडाका झाला, दगड पडायचे थांबले, धूळ बसली, तरी मामा उठले नाहीत. आमचे मामा, ज्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, त्यांचे दोन्ही पाय थडथड उडत होते. त्यांनी ते हातांनी दाबून धरले होते.

मी विचारलं, "मामा, माझा आवाज आलाच नसता तर?"

ते खोकत उठून बसले. मग डोक्याचा रुमाल सोडून माझ्या कपाळाला लावला.

"मला न्हाय ठाव," ते म्हणाले. "पोरीला काय सांगायचं, त्येवढंच डोक्यात हुतं."