वाराप्रमाणे बोंबील

माझं माहेर मासवणचं, सासर दांडीचं, आणि नोकरी बोईसरच्या एका ऑफिसात. काम काय, तर गिऱ्हाइकांना जाहिरातीच्या ईमेल पाठवायच्या. मजकुरात महिरपी कंस टाकून आत ‘नाव’ लिहिलं की ज्याला त्याला त्याच्या नावाने ईमेल जाते. त्या उन्हाळ्यात हीच करामत मी सासूबाईंच्या सुक्या बोंबलांना लावली.

आळीतल्या बायांनी हिवाळ्यापासून सुकवलेला माल पावसाच्या आत खपला नाही, तर नेहमीचा व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि मातीमोल भावाने उचलतो. ओल लागलेला बोंबील दुसरं कोण घेणार? यंदा त्याला एक तुकडा मिळणार नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. तोंड माझं आधीपासूनच मोठं.

आळीतल्या बायांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते गोळा करून पहिली ईमेल हौसेने पाठवली. प्रत्येकाचं नाव बरोबर, मागच्या खेपेला काय नेलं तेही बरोबर. आणि दिवस कोणता? अंगारकी! एका बाईंनी उलट लिहिलं, ‘आजच्या दिवशी तरी लाज बाळगा.’ बऱ्याच जणांनी आमचं नाव काढा म्हणून कळवलं. सासूबाई हसत सुटल्या. “आता गणपतीलापन बोंबील इकनार काय गं?”

माझं डोकं भणभणलं. माहेरी वडलांचा सोमवार, आईचा गुरुवार, भावाचा शनिवार. मासळी शिजायची ती यातून वाट काढून. मला हे सुचू नये? नाव तर बँकवालेही घेतात. मला गिऱ्हाइकाचा वार हवा होता.

मग एकच प्रश्न पाठवला: आपण कोणते वार पाळता? आपला वार सांगायला लोकांना भारी आवडतं. एकाने लिहिलं, ‘शनिवार बायको पाळते. मीही पाळतो असं तिला वाटतं.’

महिरपी कंसात आता ‘वार’ आला. ‘काल तुमचा गुरुवार झाला, आज तव्यावर बोंबील होऊन जाऊ द्या.’ ज्यांनी वार कळवला नाही त्यांच्यासाठी तिथे दुसरी ओळ ठेवली: ‘तुम्ही रोज खाता असं आम्ही धरून चाललोय.’ चतुर्थी, एकादशीला सगळंच बंद. मागण्या अशा आल्या की बाया दुपारची झोप सोडून खोकी बांधायला बसल्या. मी तर हवेत होते.

आभाळ भरून आलं तसा व्यापारी टेम्पो घेऊन हजर. किती माल आहे, म्हणाला.

“नाय हाय,” सासूबाई म्हणाल्या.

“थोडाही नाही?”

“आमाला खायला नाय उरला. सूनबायनी समदा इकला.”

त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याला रिकामा माळाही दाखवला. तो टेम्पो वळवत असताना बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मी सगळ्यांत पुढे. आमच्या आळीतल्या खड्ड्यांवरून तो रिकामा टेम्पो खडखडत निघाला.

“बग,” सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्सं कदी वाजला नवता.”