किशनरावांची आरोळी

बोरीच्या शिवारात हरणं हुसकायची म्हटलं की आजूबाजूचे लोक आधी किशनरावांना बोलवायचे. माणूस तसा बेताचाच. अंगानं किरकोळ, खांद्यावर उपरणं, गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बांधावर उभं राहून त्यांनी एकदा "हूऽऽर्र हाऽऽड्या!" म्हटलं की गायरानातून हरभऱ्यात उतरलेला तीस-चाळीस हरणांचा कळप असा उधळायचा, की मागं नुसता फुफाटा. शेजारच्या रानातला बजरंग म्हणायचा, "काकाची आरोळी म्हंजी तारेचं कंपाउंड हाय." हे ऐकलं की किशनरावांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. साठीला आलेल्या या माणसाकडं मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि मिरवण्यात त्यांनी कसर ठेवली नव्हती. लग्नाच्या मांडवात कुणी आग्रह केला तर तिथंही ते आरोळी मारून दाखवत. वऱ्हाडातली दोन-चार लेकरं घाबरून रडायला लागली, की समाधानानं खाली बसत.

अशा माणसाच्या नशिबात बाली बेट होतं. त्यांचा पुतण्या महारुद्र याचं बोरीत बी-बियाणांचं दुकान. भरपूर पिशव्या खपवल्या म्हणून कंपनीनं त्याला जोडीनं बालीची सहल दिली. बायको राजेश्री बाळंतपणाला सोनपेठला माहेरी जायची होती. तिच्या जागी कोण, यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी काकांचा पासपोर्ट निघाला.

जायचा दिवस आला तेव्हा हरभरा वीतभर झालेला. याच दिवसांत हरणाला त्याचा शेंडा पेढ्यासारखा लागतो. पाच दिवस राखण झाली नाही तर नुसत्या काड्या उरणार, हे किशनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षाची डाळ आणि बियाणं, दोन्ही त्याच रानात उभं होतं.

"मी हाय की," कडूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत कधी गेला नव्हता.

"तू?" किशनराव हसले. "तुज्या आवाजानं चिमणी तरी उठंल का?"

मग त्यांनी जिंतूरहून भाजीवाले लावतात तसला भोंगा आणला, त्यात आपली आरोळी भरली आणि बांधावरच्या बाभळीला तो टांगला. दर दहा मिनिटाला आरोळी सुटणार अशी सोय केली. स्वतः बालीत आणि आवाज बोरीत, अशी व्यवस्था लावून ते विमानात बसले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "पळाली का?"

"पळाली. लय लांब पळाली," कडूबाई म्हणाल्या.

एवढं ऐकलं आणि किशनरावांच्या जिवात जीव आला. आता रोज काय विचारायचं, म्हणून पुन्हा त्यांनी फोन केला नाही.

चौथ्या दिवशी सगळ्यांना सफारीला नेलं. पट्टे रंगवलेली बस, माईक घेतलेली हसरी पोरगी, आणि प्रत्येकाच्या हातात गाजराच्या तुकड्यांची पुडी. वाघ पाय वर करून झोपला होता. पाणघोडा चिखलात तोंड उघडून बसला होता. लोक फोटो काढून दमले. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि किशनराव मनातल्या मनात हरभऱ्यात होते.

एवढ्यात बस वळली. कातरल्यासारखं हिरवंगार गवत, आणि त्यावर पंधरा-वीस काळवीट आणि माद्या. "काका, ही आपल्याकडची हायत. ती पोरगी सांगायली, भारतातली हरणं म्हून," महारुद्र म्हणाला.

ते सांगायची गरजच नव्हती. किशनराव केव्हाच उभे राहिले होते. महारुद्र "काका, बसा" म्हणेपर्यंत आरोळी सुटलीसुद्धा.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. एका गोऱ्या बाईंच्या हातातली गाजरं खाली सांडली. हरणांनी माना वर केल्या, आणि पळायचं सोडून ती बसकडं चालत आली. माईकवाली पोरगी हसून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणायली?"

"हितं माणूस वरडला की त्यास्नी खाऊ मिळतो म्हणं," महारुद्र खाली बघत म्हणाला.

एका काळविटानं थेट किशनरावांच्या खिडकीत तोंड घातलं आणि त्यांच्या हातातलं गाजर कुडुमकुडुम खाल्लं. आजवर त्यांनी हरणाची पाठच पाहिली होती. काळविटाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, हे त्यांना साठाव्या वर्षी, समुद्र ओलांडल्यावर कळलं. त्यांना अपमान वाटला. तो डोळा फार सुंदर वाटला. आणि तो सुंदर वाटला याचा आणखी राग आला. "बिघडलेली जनावरं," असं म्हणून त्यांनी दुसरं गाजर पुढं केलं.

बोरीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच ते रानात गेले. हरभरा शाबूत होता, नुसता कडेचा एक पट्टा खाल्लेला. किशनरावांची छाती फुगली. पण बाभळीवर भोंगा नव्हता.

"घरात ठिवलाय," मागून आलेल्या कडूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिसापून त्याच्या खालीच चरायली जनावरं."

"माज्या आवाजाखाली? उगं काय बी बोलू नको."

तेवढ्यात गायरानातून कळप आलाच. किशनरावांनी उपरणं कमरेला बांधलं, छाती भरून घेतली आणि आरोळी ठोकली. हरणांनी माना वर केल्या. पुढच्या काळविटानं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. किशनरावांनी दुसरी ठोकली. तिसरीला आवाज चिरकला. पलीकडच्या बांधावर बजरंग उभा होता, तो घाईघाईनं आपल्या मोटारीचा पाइप बघायला लागला.

कडूबाईंनी पदर खोचला. तोंडातून अवाक्षर न काढता त्या सरळ कळपावर धावत सुटल्या. हरणं जी उधळली, ती गायरानाच्या पार.

धापा टाकत त्या परत आल्या आणि ढेकळावर बसून गुडघे चोळायला लागल्या. "आवाज झाला की माणूस येत न्हाई, हे त्यास्नी कळलंय. म्हून न वरडता पळावं लागतंय. चार रोज झालं पळायले."

किशनराव त्या गुडघ्यांकडं बघत राहिले. पहिल्या दिवसानंतर फोन करून एकदाही विचारलं नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

"उद्यापून मी पळतो," ते म्हणाले.

"पळा. पर तोंड मिटून पळा."

दुसऱ्या दिवशी कळप दिसताच बजरंगानं सवयीनं हाक दिली, "काका, आली बगा! वरडा की!" किशनरावांनी तोंड घट्ट मिटलं. चपला काढून हातात घेतल्या आणि ते पळायला लागले.