तिसऱ्या अंकानंतरची राणी

गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या भिंतीवर त्या नाटकाचा फोटो अजून आहे. मधोमध राणी बसली आहे. तिच्या अंगावरचा हिरवा शालू माझा, पण बसलेली बाई मी नाही. ती राणी आम्ही दोघींनी केली होती. पहिले तीन अंक तिने, शेवटचे दोन मी. फोटोच्या दिवशी बोलावणं मात्र एकीलाच गेलं. यावरून मी मंडळात इतक्यांदा भांडले आहे, की आता मी दारातून आत शिरले की लोक आधी फोटोकडे बघतात आणि मग माझ्यासाठी चहा सांगतात.

राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्यानंतरची ही गोष्ट. कारखान्यात, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला असलेली मराठी माणसं दिवसभर हिंदी बोलायची आणि गणपतीत नाटक करून आपल्या भाषेची हौस भागवायची. माझा नवरा कारखान्यात फिटर होता. तो तापाने गेला तेव्हा मी पंचविशीतही नव्हते. सासरच्यांनी वर्ध्याला परत बोलावलं. मी गेले नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून साड्या उचलायच्या, बोचकं बांधायचं आणि कारखान्याची क्वार्टरं पालथी घालायची, असा धंदा सुरू केला. आज त्याच बड्या फुहाऱ्यावर माझं दुकान आहे, आणि माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

नाटकाला लागणाऱ्या साड्या माझ्याकडून जायच्या. डाग पडला तर कुणाशी भांडायचं ते कळावं म्हणून मी तालमीला रोज हजर असायची.

कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक प्रोफेसर आमचे दिग्दर्शक होते. त्या वर्षी त्यांनी जुन्या विलायती शोकनाटकांच्या धर्तीवर स्वतःच एक नाटक लिहिलं. राणीला रानात तीन चेटकिणी भेटतात. तुझा मुलगा गादीवर बसेल, म्हणतात. राणी राजाला विष घालते. मग राजाचं भूत भर दरबारात येतं, तिला एकटीलाच दिसतं, आणि ती भ्रमिष्ट होऊन मरते. प्रोफेसर सांगायचे, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे बायकांना रंगमंचावर पाय ठेवायची मुभा नव्हती. राण्यासुद्धा कोवळी पोरं करायची. आमच्याकडे वेगळाच पेच. राणी करायला बाई मिळाली, चेटकीण करायला एकही मिळेना. कुणाच्या पोरीचं लग्न व्हायचं होतं, कुणाला दिवस गेले होते. शेवटी कारखान्यातले तिघे लुगडी नेसून उभे राहिले आणि मिश्या काढणार नाही म्हणून अडून बसले. प्रोफेसर म्हणाले, "राहू द्या. चेटकिणीला कोण विचारतो."

एकदा मी त्यांना गाठलं. "राजाला गादी पाहिजे असली तर तो तलवार काढते. राणीला पाहिजे असली तर तिच्यामागे चेटकिणी काहून लावता जी?"

"त्या काळची समजूत होती ती, बाई."

"अच्छा. आणि या काळची?"

ते हसले आणि चष्मा पुसत बसले.

राणी होती कारखान्याच्या ऑफिसातल्या बडे बाबूंची बायको. आवाज खणखणीत, चालणं ऐटीचं. राजाला विषाचा पेला देताना तिचा हात जरासुद्धा कापायचा नाही. नवरा मारायला तिची ना नव्हती. अडलं ते पुढे. रंगीत तालमीत चौथ्या अंकाला ती हिरव्या बांगड्या आणि रुपयाएवढं कुंकू घेऊन आली.

प्रोफेसर ओरडले, "अहो, राजा मेलाय!"

"तुमच्या नाटकात मेला असेल. आमचे आता ड्यूटीवरून येऊन राहिले."

"दोनच अंकांसाठी पुसायचंय."

"सासूबाई समोर बसणार आहेत. त्या माझ्या आधी तुम्हालाच पुसतील."

चेटकिणी मिश्यांतून हसल्या. प्रोफेसरांनी विनवलं, रागावून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. कुंकवावर पीठ लावून झाकू, असं कुणी सुचवलं, तेही तिला चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस माझ्या दाराशी आले. "शेवटचे दोन अंक तुम्ही करा. रोज ऐकून तुम्हाला पाठच आहे सगळं. आणि तुम्हाला काय, पुसायचं काहीच नाही."

मी त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच आत घेऊन गेले आणि बाहेर आलेच नाही.

पण संध्याकाळी तालमीला गेले. रात्रभर नव्हे, दिवसभर विचार केला होता, साड्या दाखवता दाखवता. माझं कुंकू पुसलं गेलं त्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं. भोवतीच्या बायकांनी धरलं आणि पुसलं. मला ते पुन्हा एकदा लावायचं होतं, चारचौघांत, स्वतःच्या हाताने. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळलं की सौदा गेला.

मी म्हटलं, "करते. पण पाचही अंक."

चिटणीस म्हणाले, "ते कसं शक्य आहे? पहिल्या अंकात तर राणी सवाष्ण आहे."

हे ते म्हणणार, हे मला ठाऊक होतं. पहिला भाव न परवडणाराच सांगायचा असतो. "चलो, दोनच द्या. मग शेवटच्या प्रवेशात राणी जांभळी साडी नेसेल आणि कुंकू लावेल."

"विधवा राणी?"

मी प्रोफेसरांकडे वळले. "तिला भूत दिसते ना? ती भ्रमिष्ट झाली ना? मग तिला वाटणार, नवरा परत आला. नवरा समोर उभा असताना ती उघड्या कपाळाने बसून राहील का?"

प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. हे मला कसं सुचलं नाही, असं चारदा म्हणाले. चिटणीस माझ्या कपाळाकडे बघत होते. "लोक काय म्हणतील?" "लोकांना सांगा, भुताने लावायला सांगितलं," मी म्हटलं.

भूत होता माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा त्याचा दोस्त. तोंडाला सफेदा फासून, पांढरी चादर लपेटून तो प्रयोगाला दरबारात आला आणि पुढची पोरं खदखदून हसली, कारण चादरीखाली कारखान्याचे बूट दिसत होते. मिश्यावाल्या चेटकिणींनाही टाळ्याच पडल्या होत्या. शेवटच्या प्रवेशात मी करंडा उघडला. बोट बुडवलं, आरसा नव्हता, अंदाजाने कपाळावर टेकवलं. बायकांच्या बाजूचा आवाज एकदम थांबला. एक म्हातारी नातवाचा हात धरून उठून गेली. भुताला जे जमलं नव्हतं ते माझ्या एका बोटाने केलं. त्यानंतर मरायचं होतं, ते मी सावकाश मेले. इतका वेळ घेतला की पडदा ओढणारा दोनदा खाकरला.

पडदा पडला तसे चिटणीस ओला टॉवेल घेऊन रंगपटात आले. "पुसून घ्या. लोक आत येतील आता."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भूत मध्ये बोललं. ते खोक्यावर बसून चहा पीत होतं.

"चिटणीस साहब, मी अजून तोंड नाही धुतलं. राजा आलेलाच आहे. राहू द्या वहिनींचं."

चिटणीस टॉवेल खुर्चीवर टाकून निघून गेले.

तो बसून राहिला. मीही बसले. बाहेर खुर्च्या आवरल्या जात होत्या, चेटकिणी लुगडी सोडून पान खायला गेल्या, बडे बाबूंची बायको सासूबरोबर टांग्यात बसून घरी गेली. कारखान्यात नवं फाटक बसवून राहिले, एवढं त्याने सांगितलं. माझा नवरा चहा बशीत ओतून प्यायचा, तशीच त्याचीही सवय. तोंडावरच्या सफेद्याला तडे जायला लागले होते, खाजही सुटली असणार, पण त्याने हात लावला नाही. दुसरा चहा मागवला, तोही बशीतून, हळूहळू प्यायला.

शेवटी म्हणाला, "वहिनी, घरी पोरं वाट बघून राहिली. धुऊ का?"

"धुवा," मी म्हटलं.

बाहेर नळ सुरू झाला. चिटणिसांचा टॉवेल खुर्चीवर तसाच होता. त्याला मी हात लावला नाही. जांभळ्या साडीचा पदर ओला केला आणि त्यानेच कपाळ पुसलं. साडी माझीच होती. डाग पडला तरी भांडायला दुसरं कुणी नव्हतं.