जोतीरामची पाटी

कुंडलच्या शालूबाईंची पिठाची गिरणी खरं तर त्यांच्या नवऱ्याची, जोतीरामची. तो गेल्यावर चार लोकांनी गिरणी विकून टाकायचा सल्ला दिला. शालूबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून स्वतः पट्टा चढवला. त्याच गिरणीवर मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं. बाहेरच्या भिंतीवर जोतीरामने स्वतः रंगवलेली पत्र्याची पाटी होती. रंग उडाला, तरी त्यांनी ती कुणाला हलवू दिली नाही.

यंदा शेजारच्या संयोगिताला बाळ झालं. गिरणी सुरू झाली की ते दचकून उठायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं. आधी तिने गोडीत सांगून पाहिलं. पण जन्म गिरणीत गेलेल्या बाईला तिचा आवाज तो काय टोचणार? शेवटी संयोगिताने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. आवाज मोजायचा आणि मर्यादेबाहेर गेला तर गिरणी बंद, असं ठरलं. शालूबाईंनी शेजारणीशी बोलणं टाकलं.

साताऱ्याहून मोहसीन नावाचा तंत्रज्ञ आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. गिरणीची बाजू घ्यायला निम्मी आळी दळणाचे डबे घेऊन हजर होती आणि गिरणीचा आवाज अजिबात होत नाही, हे प्रत्येक बाई त्याला ओरडून सांगत होती. आकडा त्यांच्याच बोलण्याने चढला. मोहसीनने हात जोडले, तेव्हा कुठे आळी गप्प झाली.

त्याने गिरणी बंद असताना मोजलं, चालू असताना मोजलं, मग बाळाच्या खोलीत जाऊन मोजलं. तिथे आकडा मर्यादेच्या वर गेला. आता गिरणी बंद होणार, असंच शालूबाईंना वाटलं. मोहसीन मात्र यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिला. जाड आणि बारीक आवाज त्यावर वेगवेगळे दिसत होते, आणि त्यात मोटारीचा नसलेला एक कर्कश आवाज होता. त्याचा माग काढत तो बाहेरच्या भिंतीशी आला. पाटीवर तळहात दाबताच यंत्रावरचा आकडा झरकन उतरला. खिळे सैल झालेला तो पत्रा संयोगिताच्या खिडकीसमोरच थरथरत होता.

पाटी काढली की भागलं, असं तो म्हणाला. शालूबाई पाटीला हात लावून उभ्या राहिल्या. गिरणी वाचत होती, पण जोतीरामचं अक्षर भिंतीवरून उतरणार होतं.

संयोगिताने बाळ त्यांच्या हातात दिलं. "पाटी काढायची न्हाई. काकांच्या हातची हाय ती."

घरातून तिने सायकलची जुनी ट्यूब आणली. मोहसीनने तिचे तुकडे पाटीखाली घालून खिळे घट्ट ठोकले. शालूबाई बाळाला घेऊन त्याच्या खोलीत बसल्या, आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. आता नुसती घरघर ऐकू येत होती. आकडा मर्यादेत होता. बाळाने एकदा मूठ हलवली आणि ते झोपून गेलं.

शालूबाईंचे डोळे भरून आले. संयोगिता आत आली तशी त्या हळूच म्हणाल्या, "अर्ज दिलास ते लय बरं केलंस गं. न्हाईतर तुझ्या खोलीत येऊन मी कवा बसले असते?"