यकृताच्या पेशींचा उपवास

माझ्या हातून झालेला घोळ ऐकायचा असेल तर आधी चहा संपवा. ऐकल्यावर माझ्या हातचं काही घ्याल याची खात्री नाही.

अठरा वर्षं मी एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी सांभाळतो. प्लॅस्टिकच्या बश्यांमध्ये त्या वाढतात, मी एक दिवसाआड त्यांना ताजं खाद्य घालतो. माझ्या देखरेखीत एकही पेशी भुकेनं मेलेली नाही, हे मी सगळ्या कसबा पेठेला कुणी न विचारता सांगितलेलं आहे.

ऋता आमच्याकडे पीएचडी करते. हार्मोन आलं की यकृताच्या पेशीत ‘वाढ’ हा निरोप कसा पोचतो, हा तिचा विषय. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. महिनाअखेरीस समितीपुढे निकाल मांडले नाहीत तर पाच वर्षं पाण्यात.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "काका, या बश्यांतलं सीरम काढून साधं खाद्य घाला. सकाळपर्यंत पेशी उपाशी राहू देत."

"उपाशी? कशाला?"

"पद्धत आहे तशी."

आमच्याकडे असलं काही पहिल्यांदाच होत होतं. सीरम म्हणजे रक्तातला निवळ भाग, पेशींचं खरं जेवण तेच. आता तुम्हीच सांगा, आपल्यात उपवास म्हणजे काय निर्जळी असते? खिचडी असते, वऱ्याचे तांदूळ असतात, दाण्याची आमटी असते. मग पेशींनीच काय घोडं मारलंय? घातलं थोडं सीरम, फराळापुरतं. आणि बोललो नाही. वाढलेलं कुणी बोलून दाखवतं का?

सकाळी ऋतानं निम्म्या बश्यांत हार्मोन घातलं, निम्म्या तशाच ठेवल्या. निकाल आला तर हार्मोन न मिळालेल्या पेशींतही निरोप जोरात.

"बश्यांची अदलाबदल झाली असेल," ऋताच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या वेळीही तेच. मग हार्मोनची नवी बाटली आली. "हल्ली माल धड येत नाही," असा मीही दुजोरा दिला. तोवर ऋता इतकी वाळली होती की मला पेशींचीही दया आली. तिसऱ्या वेळी फराळ वाढवला.

तेव्हा मॅडम खुर्चीत सावरून बसल्या. "ऋता, या पेशी हार्मोनशिवायच निरोप पाठवतायत. हे नवीन आहे."

मी नारायण पेठेतून पेढे आणले. पोरगी महिन्यात पहिल्यांदा हसली. खरं सांगतो, मला भरून आलं.

समितीच्या आदल्या दिवशी तिनं माझ्यासमोर तालीम केली. "हे हार्मोन पेशीच्या आत शिरत नाही, काका. दारावरची बेल वाजवतं. मग आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, ते तिसऱ्याला, असा निरोप केंद्रकापर्यंत जातो."

"छान."

"पण सीरममध्येही हार्मोन्स असतात. ते असलं की बेल वाजतच राहते. म्हणून ते पूर्ण काढायचं. आपण काढलं, तरी बेल वाजली. हाच आपला शोध."

गप्प बसलो असतो तर उद्या ही पोरगी समितीपुढे माझा फराळ शोध म्हणून मांडणार होती. तिला घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "किती घातलंत?"

"फराळापुरतं."

"आकड्यात सांगा."

"पहिल्या दोन वेळा दहा टक्के. शेवटी पंधरा."

"आणि एरवी किती घालता?"

मी फरशीकडे बघितलं. "दहा."

"म्हणजे एकादशी, दुप्पट खाशी," मॅडम म्हणाल्या.

ऋता आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. मॅडमनी समितीकडून पंधरा दिवस मागून घेतले. चौथ्या वेळी हार्मोनविना ठेवलेल्या पेशी गप्प राहिल्या, बाकीच्या बोलल्या. ऋता सुटली.

तिचा प्रबंध आता छापून आलाय. कार्यपद्धतीच्या प्रकरणात मॅडमनी तिला एक वाक्य आवर्जून घालायला लावलं: ‘पेशी सकाळपर्यंत सीरमविना ठेवल्या. या काळात काकांना रजा देण्यात आली.’